बाहेर पडल्याची वेळ

तिकीट तीन युरोचं. हिवाळ्यातही तेवढंच.
व्हुकोसावा काचेआडून सुट्टे मोजते
आणि दोरीला बांधलेली वही पुढे सरकवते:
नाव. गाव. आत गेल्याची वेळ.
शेवटचा रकाना आत्ता भरायचा नाही,
तो परतताना.

पेनातली शाई गोठलेली.
पेन काखेत दाबून ती उभी राहते,
तेवढ्यात विचारून घेते
मोजे किती घातलेत,
खाली झाब्लाकमध्ये कोणी वाट बघतंय का.
कोणी नाही, म्हटलं.
तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
"मग मी बघेन. साडेचारपर्यंत.
पुढे अंधार."

हिवाळ्याची वही वेगळी असते,
पानापानावर चार-दोन नावं, वर्षानुवर्षं पुरते.
मी उगाच मागे चाळली.
अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी:
देसिमिर. आत, सव्वानऊ.
पुढे कोरा कागद.
"गेला का?" मी विचारलं, नको तितक्या सहज.
"गेला असता तर लिहिलं असतं," ती म्हणाली.

नऊ माणसं, एक कुत्रा, तीन रात्री.
दोर, कंदील, काठ्यांनी बर्फ भोसकत भोसकत
दरीच्या तोंडापर्यंत.
आणि हा पठ्ठ्या खिंड ओलांडून पलीकडे उतरलेला,
प्लुझिन्यात मावशीच्या चुलीशी बसून
प्लमची दारू पीत होता.
चौथ्या दिवशी फोन आला. हसत होता म्हणे.
"माझ्या मिलुटिनची दोन बोटं गेली त्यात. डाव्या पायाची.
बुटात अजून लोकर कोंबते मी."
पेन आता चालत होतं.

आत तळ्यापर्यंत वाट पाऊणएक तासाची.
स्प्रूसच्या फांद्या ओझ्याने खाली आलेल्या,
एखादी मध्येच खांदा झटकते
आणि बर्फ धप्पकन पडतो,
की पुन्हा आपलाच श्वास ऐकू येतो.
कोल्ह्याची पावलं सरळ एका रेषेत,
मग अचानक एक खड्डा, थोडी उकराउकर,
मग पुन्हा रेष. सापडलं की नाही, कळत नाही.
काठावर 'पोहण्यास मनाई'ची पाटी
गळ्यापर्यंत गाडलेली,
वर नुसतं लाल वर्तुळ.

तळं पांढरं, इतकं सपाट
की ते तळं आहे यावर विश्वास ठेवावा लागतो.
पायाखाली कुठेतरी खोल बर्फ घुमला,
रिकाम्या रांजणात कोणी हाक मारावी तसा.
मी एक पाऊल मागे घेतलं.
पलीकडचा कडा उन्हात होता,
वाट दिसत होती, तास दीड तास चढले असते सहज,
पाय तयार होते.
आणि मला तो कोरा रकाना आठवला,
माझ्या नावापुढचा.
इतक्या वर्षांत माझ्या परतण्याची वेळ
कुणी असा कागदावर जागा सोडून
राखून ठेवली नव्हती.
वळले. स्वतःवर थोडी चिडतच.

खोपटात शेगडी पेटलेली.
मिलुटिन लाकडांची घसरगाडी ओढत आला,
डावा पाय किंचित बाहेर टाकत.
माझ्याकडे बघून त्याने फक्त हनुवटी हलवली,
शेळ्या मोजणारा माणूस हलवतो तशी.
व्हुकोसावाने पेन काढून दिलं, काखेच्या उबेतलं.
चार वीस, मी लिहिलं.
तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
खोडलं,
चार तेवीस केलं.

"त्याचीही भरून टाका ना एकदा," मी म्हटलं,
"अकरा वर्षं झाली."
"मी का भरू?" ती म्हणाली. "हात आहेत ना त्याला.
बस येते प्लुझिन्याहून. यावं, सही करावी."
मिलुटिन शेगडीकडे बघून हसला,
की धूर डोळ्यांत गेला, कोण जाणे.

मग तिने वही मिटली, दोरी गुंडाळली,
फाटकावरचा दिवा मात्र तसाच ठेवला.
मी खाली निघाले.
आत आता कोणी नव्हतं,
देसिमिर सोडून.